पायांखालचें हिरवें रान

आमचें वडसा वैनगंगेच्या कांठीं वसलेलें. साग, मोह, तेंदू, बांबू हीं नांवें येथील लहान मुलासही पाठ असतात. परंतु पावसाळ्यांत त्याच झाडांच्या बुंध्यांवर व डोंगरांतील ओल्या खडकांवर जी मखमल पसरते, तिची ओळख कितीजणांस आहे? आपण तीस सरसकट शेवाळ म्हणतों. तें बरोबर नव्हे. डबक्यांतील शेवाळ निराळें व मसाल्यांतील दगडफूल निराळें; ह्या वनस्पतीस शास्त्रज्ञ हरिता म्हणतात.

हरितेस खरें मूळ नाहीं, फूल नाहीं, बीं नाहीं. ती चिमुकल्या पानांनींच पाणी शोषते व धुळीसारख्या सूक्ष्म बीजाणूंपासून वाढते. उन्हाळ्यांत ती मेल्यासारखी दिसते. पाऊस पडतांच पुन्हां हिरवी होते. तिची दाट गादी ओल धरते व उतारावरील माती सांवरते. थंड प्रदेशांतील स्फॅग्नम नांवाची हरिता तर आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारें २० पट पाणी धरते. १९१४-१८ च्या महायुद्धांत जखमा बांधण्यास कापसाऐवजीं ती वापरली गेली. इ. स. १७९६ मध्यें आफ्रिकेंत लुटारूंनीं नागविलेला प्रवासी मंगो पार्क अशीच एक इवलीशी हरिता पाहून धीर धरून पुढें चालूं लागला.

अशा ह्या वनस्पतीचा मोठा शत्रु वणवा होय. मोहफुलें वेंचणें सोपें जावें म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची चाल आपल्या जंगलांत आहे. ती आग पुष्कळदां हातीं राहत नाहीं. कोणी म्हणेल, जळल्या भुईवर फ्युनेरिया नांवाची हरिता लौकरच उगवते, मग हानि ती कोणती? उगवते हें खरें. पण ती उघड्या भुईवर प्रथम येणारी पाहुणी आहे. खोडांवर व जुन्या मातीवर वाढलेल्या हरितांस पूर्ववत् होण्यास फार काळ लागतो, आणि तोंवर पावसाचें पाणी माती घेऊन नदीकडे धांवतें.

मोहफुलें हा गरिबांचा आधार आहे. तीं वेंचूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. पाचोळा झाडून बाजूस करावा किंवा झाडाखालीं कापड अंथरावें, एवढेंच आमचें सांगणें. यांत श्रम थोडे अधिक आहेत, पण रान वांचतें. पालकांनीं ही गोष्ट घरीं अवश्य बोलावी. आणि विद्यार्थ्यांनो, येत्या पावसाळ्यांत एक भिंग घेऊन हरितेजवळ वांकून पाहा. मात्र ती उपटूं नका. जें नीट पाहिलें, त्यास आग लावण्यास हात सहसा धजत नाहीं.