देशोदेशीच्या नवलकथा : चुन्यावाचून उभे बुरूज

वाचकहो, इटलीच्या पश्चिमेस भूमध्य समुद्रात सार्डिनिया नावाचे बेट आहे. त्या बेटावर कोणत्याही दिशेने प्रवासास निघालात, तरी एखाद्या टेकडीवर वा शेताच्या कडेला प्रचंड पाषाणांचा, वर निमुळता होत गेलेला गोल बुरूज तुमच्या दृष्टीस पडेल. तेथील लोक त्यास ‘नुरागे’ म्हणतात. असे सुमारे ७,००० बुरूज त्या बेटावर आहेत. इ. स. पूर्व १८०० ते ११०० या कांस्ययुगीन काळात ते उभारले गेले.

या बांधकामात चुना नाही की माती नाही. दगडांचे एकावर एक गोल थर रचताना प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित आत सरकविला आहे. शेवटी वर्तुळ मिटते आणि आतल्या दालनावर आपोआप घुमट तयार होतो. दगडांचा भार हाच त्यांचा आधार. वर जाण्याचा जिना भिंतीच्या जाडीतूनच वळत जातो.

बारुमिनी गावानजीकचा असा एक बुरूज माती-दगडांखाली झाकला गेला होता. त्याच गावी १९१४ साली जन्मलेले पुरातत्त्वज्ञ जोव्हान्नी लिल्यू यांनी १९५० नंतरच्या दशकात तेथे उत्खनन केले. मध्ये तीन मजली बुरूज, भोवती चार बुरूज, अंगणात विहीर आणि बाहेर दगडी झोपड्यांची वस्ती असा सारा संसारच प्रकाशात आला. १९९७ साली युनेस्कोने या स्थळास जागतिक वारशाचा मान दिला.

हे बुरूज किल्ले होते, नायकांची निवासस्थाने होती की देवस्थाने, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. बांधणाऱ्यांनी त्याविषयी एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही. मात्र एक साक्ष उरली आहे. नवे बुरूज बांधणे थांबल्यावर त्यांच्या वंशजांनी दगडाच्या व काशाच्या लहान लहान प्रतिकृती घडविल्या. खऱ्या बुरुजांचे माथे आज बहुधा ढासळलेले आहेत. परंतु माथ्यावर बाहेर झुकलेला सज्जा व त्याचा कठडा असे, हे या चिमुकल्या प्रतिकृतींवरूनही अभ्यासकांस उमगते.

वाचकहो, पूर्वजांसारखे बांधणे ज्यांस उरले नव्हते, त्यांनी निदान त्याचे रूप तरी जपले. त्यांनी ओंजळीत जपलेल्या या ठेव्यामुळे तीन हजार वर्षांनंतर आपणांस त्या ढासळलेल्या माथ्यांचे दर्शन घडते.