बाहेरच्याला काय कळतं?

‘ज्यानं धंदा उभा केला त्यालाच तो कळतो, काठावर बसलेल्यांनी पोहायला शिकवू नये,’ हा उद्योजकांचा लाडका युक्तिवाद. पुराव्यादाखल स्टीव्ह जॉब्जचं नाव येतंच.

मग जॉब्जचंच घेऊ. 2007 साली आयफोन आला, तेव्हा त्यात बाहेरच्यांची ॲप्स घ्यायला त्याचा सक्त विरोध होता. ॲपलच्या संचालक मंडळातले आर्थर लेव्हिन्सन आणि कंपनीतले काही वरिष्ठ त्याच्या मागे लागले. त्याच वर्षी त्याने माघार घेतली. जुलै 2008मध्ये ॲप स्टोअर सुरू झालं. हट्टाचे गोडवे गाणारे नेमकं हेच पान गाळतात.

दुसरा बचाव अधिक साळसूद: ‘आमच्याकडे स्वतंत्र संचालक आहेत की!’ सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीतही होते, आणि ऐरेगैरे नव्हते. हार्वर्डचे प्राध्यापक, माजी कॅबिनेट सचिव, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता. 16 डिसेंबर 2008 रोजी संस्थापक रामलिंग राजूंच्या कुटुंबाच्याच, जमीन-बांधकामातल्या दोन मेटास कंपन्या सुमारे 160 कोटी डॉलर मोजून घ्यायचा प्रस्ताव आला. मंडळाने काही प्रश्न विचारले आणि एकमताने ‘मम’ म्हटलं. खरा विरोध झाला तो बाहेरून. गुंतवणूकदार असे भडकले की काही तासांतच व्यवहार गुंडाळावा लागला. तीन आठवड्यांनी, 7 जानेवारी 2009 रोजी, रामलिंग राजूंनी ताळेबंदातल्या हजारो कोटींच्या खोट्या रोकडीची कबुली दिली. मेटासचा घाट ते भगदाड बुजवण्यासाठीच होता, हेही सांगितलं. गुंतवणूकदारांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सॉफ्टवेअरवाल्यांना जमीनजुमला कशाला हवा, एवढाच त्यांचा बाळबोध प्रश्न होता. तो पुरला.

तेव्हा पदव्या पाहून कुणाला ‘बाहेरचा’ म्हणू नये. ज्याची खुर्ची, मानधन आणि पुढचं निमंत्रण तुमच्या मर्जीवर अवलंबून नाही, तो बाहेरचा. (सल्लागार कंपन्यांनाही हीच कसोटी लावा, घोटाळ्यात बुडालेल्या एन्रॉनच्या दिमतीला मॅकिन्सी होतीच.) आणि ‘मी नम्र आहे, सगळ्यांचं ऐकतो’ हा मालकाचा बचाव? राजू मृदुभाषी म्हणूनच ओळखले जात. मालकाची नम्रता आवाजात शोधण्यापेक्षा बैठकीच्या इतिवृत्तात शोधावी: त्याचा कोणता प्रस्ताव, कुणी, कधी परत पाठवला? पाच वर्षांत एकही नसेल, तर तिथे होयबा बसले आहेत.

2013च्या कंपनी कायद्यानुसार स्वतंत्र संचालकांनी वर्षातून एकदा तरी व्यवस्थापनाला वगळून बसायचं असतं. कायद्याचा हात तिथवरच पोचतो. त्या बैठकीतले आक्षेप लेखी मागून घेणं आणि पुढच्या बैठकीआधी त्यांना लेखी उत्तर देणं, हे मालकानं आपणहून करायचं काम आहे.