तोटा कोणाचा?

मे २०२५ मध्ये मुंबईच्या ‘बेस्ट’ बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. वातानुकूलित बसचे ६ वरून १२. उपक्रम तोट्यात आहे, हे या वाढीचे समर्थन. वरवर पाहता ते बिनतोड वाटते. परंतु सार्वजनिक वाहतुकीचा हिशेब किराणा दुकानाच्या खतावणीप्रमाणे मांडता येतो काय, हा खरा प्रश्न आहे.

१५ जुलै १९२६ रोजी मुंबईत बस धावू लागली. १९४७ मध्ये हा उपक्रम महापालिकेकडे आला. पुढे कित्येक वर्षे वीजपुरवठ्यातील शिल्लक बससेवेची तूट भरून काढीत असे. वीजदरांचे नियमन सुरू झाल्यावर हा आधार हळूहळू निखळला. त्याची जागा घेणारा हक्काचा उत्पन्नस्रोत मात्र कोणी निर्माण केला नाही. परिणामी एके काळी चार हजारांवर असलेला बसताफा २०२५ मध्ये तीन हजारांच्याही खाली घसरला, आणि त्यातही बहुतेक गाड्या कंत्राटदारांच्या.

जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणले, तेव्हा प्रवासी मोठ्या संख्येने परतले होते. म्हणजे प्रवासी बसला विटलेला नाही, न येणाऱ्या बसला विटला आहे. थांब्यावर ताटकळलेला शिक्षक अखेर कर्ज काढून दुचाकी घेतो. त्या दुचाकीने कोंडी वाढते, कोंडीत बस अडकते आणि आणखी एक प्रवासी थांबा सोडतो. या कोंडीचा धूर मात्र सर्वाधिक सोसतो तो थांब्यावर उभा असलेला माणूसच.

याउलट, मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या सागरी किनारा मार्गावर तेरा हजार कोटींहून अधिक खर्च झाला. तेथे पथकर नाही आणि त्याच्या नफातोट्याची चौकशीही कोणी करीत नाही. मोटारीसाठी खर्च झाला की ती गुंतवणूक, बससाठी झाला की तो तोटा, हा कोणता न्याय?

मेट्रो आली, हे स्वागतार्हच. पण स्थानकापासून घरापर्यंत नेणारी बस नसेल, तर मेट्रोचे कामही अर्धेच राहते. लंडनने २००३ मध्ये मध्यवर्ती भागात येणाऱ्या मोटारींवर शुल्क बसविले आणि ते उत्पन्न वाहतूक सुधारणेसाठीच राखून ठेवले. मुंबईलाही वाहनतळ शुल्काचा ठरावीक वाटा ‘बेस्ट’ला देता येईल, रुंद रस्त्यांवर बससाठी स्वतंत्र मार्गिका आखता येईल. त्यासाठी पैशापेक्षा मोटारमालकांचा रोष पत्करण्याची तयारी अधिक लागेल.

२०२६ हे या बससेवेचे शताब्दी वर्ष. समारंभ पुष्कळ होतील. थांब्यावरच्या माणसाला मात्र वेळेवर येणारी बस हवी आहे.