हवेची टाकी गळते, तिकडे दुर्लक्ष नको

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आठवतात. पण मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोली, राजनोलीच्या नाक्यांवर किंवा अंजूरफाट्याच्या रस्त्याला पाहिले, तर आणखी एक धंदा दिसतो. तो म्हणजे पंक्चर काढण्याचा व टायरमध्ये हवा भरण्याचा. गोदामांकडे येणाऱ्या ट्रक-टेम्पोंवर कित्येक घरांची चूल पेटते. कॉम्प्रेसर दुकानात असतो; गाडी लांब अडकली की हातात उचलून नेण्याची छोटी टाकी भरून न्यावी लागते. अशी टाकी हळूहळू गळू लागली, तर बहुतेक जण “पुन्हा भरून घेऊ” म्हणून वेळ मारून नेतात. गळतीने विजेचे बिल वाढते आणि कॉम्प्रेसर झिजतो, हे तर आहेच. पण काही गळत्या जिवावरच्या असतात. कोणती गळती साधी व कोणती घातक, हे ओळखता यावे म्हणून आम्ही आज हा विषय घेतला आहे.

प्रथम दाब म्हणजे काय ते समजून घेऊ. टाकीत १०० पौंड हवा आहे, याचा अर्थ आतील प्रत्येक चौरस इंचावर १०० पौंडांचे, म्हणजे सुमारे ४५ किलोंचे ओझे आहे. टाकीचा व्यास १२ इंच असेल तर तिच्या एका बाजूच्या झाकणावर ११ हजार पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे ५ टन जोर बसतो. पत्रा गंजून पातळ झाला असेल, तर हा जोर एका क्षणात बाहेर पडतो.

गळती आहे की नाही?

टाकी भरल्याबरोबर गेजचा काटा पाहून निष्कर्ष काढू नये. भरताना हवा तापते, नंतर निवते आणि काटा आपोआप थोडा उतरतो. म्हणून भरल्यावर तासभर थांबावे, मग काटा कुठे आहे ते कागदावर लिहून ठेवावे. टाकी दुकानातच सावलीत, माणसांपासून दूर ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. दुपारी हवा ४० अंश व पहाटे २५ अंश असेल, तर ८० पौंडांवरचा काटा चार-साडेचार पौंड नुसत्या थंडाव्याने खाली येतो. ती गळती नव्हे. त्याहून बराच उतरला तर मात्र शोध घ्यावा.

कुठून गळते?

शोधताना दाब कमी, ३०-४० पौंडच ठेवावा. वाटीभर पाण्यात धुण्याचा साबण विरघळवावा. फार फेस करू नये, नाहीतर बुडबुडा कशाचा ते कळत नाही. जुन्या ब्रशने हे पाणी एकेका सांध्याला लावावे आणि मिनिटभर नीट पाहावे. बारीक गळतीचा फेस सावकाश फुगतो. सुरुवात गेजच्या आट्यांपासून करावी. मग हवा भरण्याचा वॉल्व, बंद-चालू करण्याची तोटी, नळीची दोन्ही टोके, सेफ्टी वॉल्व आणि तळाची पाणी काढण्याची तोटी असा क्रम ठेवावा. शेवटी टाकी आडवी करून तळाचा पत्रा व वेल्डिंगच्या रेषा पाहाव्यात. आगपेटी किंवा लायटर पेटवून गळती शोधू नये.

दुरुस्ती कशी करावी?

एक नियम कधी मोडू नये. पाना हातात घेण्यापूर्वी सगळी हवा सोडावी, काटा शून्यावर यावा आणि तोटी उघडीच ठेवावी. दाब असताना सैल केलेला गेज किंवा वॉल्व गोळीसारखा उडतो.

आट्यांतून गळत असेल तर भाग काढून जुनी टेप व घाण साफ करावी. पांढरी टेफ्लॉन टेप आटे आवळण्याच्या दिशेनेच तीन-चार वेढे गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर आवळताना सुटते. पहिला आटा मोकळा सोडावा, म्हणजे टेपचे तुकडे आत जात नाहीत. पितळी भाग मर्यादेतच आवळावा, जास्त जोर केल्यास तो तडकतो. भरण्याच्या वॉल्वमधून हवा येत असेल तर आतली पिन बदलावी. ती टायरच्या वॉल्वसारखीच व स्वस्त असते. नळी टोकाशी फाटली असेल तर तेवढा भाग कापून नवी क्लिप लावावी. मध्ये चिरली असेल तर चिकटपट्टी न लावता नवी नळी घ्यावी.

सेफ्टी वॉल्व गळत असेल तर त्याची कडी एक-दोनदा ओढून पाहावी. कचरा अडकला असल्यास निघून जातो. तरीही गळला तर त्याच दाबाचा नवा वॉल्व बसवावा. तो लाकडाने, खिळ्याने किंवा वेल्डिंगने बुजवणे म्हणजे घरात बॉम्ब ठेवणे आहे.

ही गळती दुरुस्त करू नका

पत्र्यातून किंवा वेल्डिंगच्या रेषेतून बुडबुडे आले, तर ती टाकी संपली असे समजावे. दाबलेल्या हवेतील बाष्पाचे पाणी होते आणि तळाशी साचते. पावसाळ्यात ते अधिक साचते. त्याने पत्रा आतून गंजतो. बाहेर सुईएवढे भोक दिसते, तेव्हा आजूबाजूचा पत्राही कागदासारखा झालेला असतो. त्यावर डाग मारला किंवा लांबी भरली तरी पातळ झालेला पत्रा जाड होत नाही. अशी टाकी रिकामी करून तिला मोठे भोक पाडावे आणि मगच भंगारात द्यावी, म्हणजे दुसरा कोणी गरीब ती विकत घेऊन फसणार नाही. गॅसचे जुने सिलिंडर हवेसाठी वापरण्याचा उद्योगही करू नये. टाकीचे आयुष्य वाढवायचे तर रोज संध्याकाळी तळाची तोटी उघडून पाणी काढावे. या कामाला दोन मिनिटे लागतात.

१९४८ च्या कारखाना कायद्यात ३१ वे कलम दाबाखालील यंत्रांच्या सुरक्षेसाठी घातले गेले. पण त्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या कामाला किमान १० कामगार असतील तरच कारखाना मानले. बाप-लेकाची टपरी त्यात बसली नाही. तपासायला कोणी येत नाही, म्हणून आपली तपासणी आपणच करायची.

भगिनींनाही आमचे सांगणे आहे. चोरीच्या भीतीने रात्री टाकी घरात आणली जाते आणि स्टोव्हजवळ किंवा मुलांच्या अंथरुणाशी ठेवली जाते. तेव्हा “हवा सोडली का?” हा प्रश्न उंबरठ्यावरच विचारा. भरलेली टाकी आत घेऊ नका. तसेच यंत्रमागावरून आलेल्या माणसाने कपड्यांवरची कापसाची धूळ हवेच्या नळीने उडवू नये. डोळा जातो, कानाचा पडदा फाटतो. थट्टेने कुणाच्या अंगाशी नळी लावल्यास आतडे फाटून माणूस दगावतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत यंत्रांच्या सफाईलासुद्धा हवेचा दाब ३० पौंडांखाली ठेवावा लागतो.

हाताखाली काम शिकणाऱ्या पोराला पंक्चर काढायला शिकवण्याआधी साबणाचे पाणी लावायला शिकवा. टाकी नवी घेता येते. कमावता मुलगा गेला, तर त्या घराचे नुकसान कशानेही भरून निघत नाही.