पंगत ३६० पानांची : नवं पान मांडताना कुणाला उठवायचं?

वर्षातून पाच-सहा वेळा तरी हे होतंच. ‘मॅजिक: द गॅदरिंग’चा नवा संच येणार म्हणून आधीपासून रोज थोडी थोडी कार्डं दाखवली जातात आणि तुमच्या खेळाच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडतो. ‘हे बघितलंस का?’, ‘हे तर आपल्या क्यूबमध्ये हवंच!’ दोन दिवसांत ‘हवंच’ म्हटलेली कार्डं चाळीस होतात. क्यूबमध्ये रिकामी जागा मात्र एकही नसते.

मग निवड कशी करायची? आज त्याचीच गोष्ट.

ज्यांना हा खेळ नवा आहे, त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. मॅजिक १९९३ मध्ये आला. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने तो तयार केला. दोघं समोरासमोर बसतात, प्रत्येकाला २० लाइफ. जमिनीची कार्डं मांडून ‘माना’ नावाची शक्ती मिळवायची, ती खर्चून प्राणी आणि मंत्र खेळायचे आणि समोरच्याचं लाइफ शून्यावर आणायचं. रंग पाच : पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा.

ड्राफ्टमध्ये प्रत्येक जण १५ कार्डांचं पाकीट उघडतो, एक कार्ड ठेवतो आणि उरलेली शेजाऱ्याकडे सरकवतो. तीन पाकिटं संपली की हातात ४५ कार्डं. त्यातली चांगली निवडून, त्यात साध्या जमिनी घालून ४० कार्डांचा डेक बांधायचा आणि खेळायचं. ही पाकिटं दुकानातून न आणता तुम्ही स्वतः निवडलेल्या कार्डांच्या साठ्यातून बनवलीत, की तो साठा म्हणजे तुमचा क्यूब. त्यात बहुधा प्रत्येक कार्ड एकदाच असतं. आठ जणांना प्रत्येकी ४५, म्हणजे ३६० कार्डं. चौघंच असाल तर एका डावाला १८० पुरतात.

आपल्याकडे पत्त्यालाही पान म्हणतात आणि पंगतीतल्या जेवणाच्या ताटालाही पानच. क्यूब म्हणजे ३६० पानांची पंगत. नवं पान मांडायचं तर कुणाला तरी उठवावं लागतं. म्हणून नवं कार्ड ‘चांगलं आहे का?’ हा प्रश्न अर्धाच आहे. पूर्ण प्रश्न असा : ‘कुणाच्या जागी?’

१. त्याचं काम काय?

नव्या कार्डाची तुलना सगळ्या क्यूबशी करू नका. तेच काम करणाऱ्या, तेवढ्याच खर्चाच्या, त्याच रंगाच्या कार्डांशी करा. समजा, तुमच्या क्यूबमध्ये प्रत्येक रंगाची ५० कार्डं आहेत. त्यातले दोन मानाचे प्राणी सात-आठच असतील. नवा दोन मानाचा हिरवा प्राणी आला, तर त्याची स्पर्धा फक्त त्या सात-आठांशी.

इथे जुनी कार्डं मापाला उपयोगी पडतात. १९९३ च्या पहिल्या संचातलं ‘ग्रिझली बेअर्स’ घ्या. दोन माना, ताकद २, टिकाव २, बाकी काही नाही. आज दोन मानाच्या कार्डाने एवढंच दिलं तर पुरत नाही. त्याने वर एखादं काम करायला हवं, नाहीतर नंतरच्या डावात उपयोगी पडायला हवं. लाल रंगात ‘लाइटनिंग बोल्ट’ हे माप. एक माना, तीन नुकसान. नवा मंत्र दोन मानात तेवढंच नुकसान करत असेल, तर स्वतःला विचारा, जास्तीच्या एका मानाचं मला काय मिळतंय?

आणि फक्त ताकदवान म्हणून महाग कार्डं भरत बसू नका. सात मानाचे ड्रॅगन सगळ्यांनाच आवडतात, पण पहिले पाच-सहा डाव हातात नुसते ड्रॅगन धरून बसणाऱ्याला खेळायलाच मिळत नाही. महाग कार्डाच्या जागी महाग आणि स्वस्ताच्या जागी स्वस्त हा नियम पाळलात तर निम्मं काम झालं.

२. ते एकटं उभं राहतं का?

इथे एक आपल्या ओळखीचं उदाहरण आहे. २०१६ मध्ये ‘कलादेश’ नावाचा संच आला. त्याचं जग भारतावरून सुचलेलं. कार्डांवर रश्मी, साहीली अशी नावं, नक्षीदार पितळी यंत्रं, उत्सवी रंग. पुढे त्या जगाचं नाव बदललं आणि २०२५ च्या ‘ईथरड्रिफ्ट’ संचात ते ‘आविष्कार’ म्हणून आलं. ही कार्डं बघून आपल्यापैकी कुणालाही मोह पडेल. पण थांबा.

कलादेशमध्ये ‘एनर्जी’ नावाची नवी युक्ती होती. काही कार्डं तुम्हाला एनर्जी देतात, काही ती खर्च करतात. ‘अट्यून विथ ईथर’ हे एका मानाचं हिरवं कार्ड डेकमधली एक साधी जमीन शोधून हातात देतं, वर दोन एनर्जी. त्या काळातल्या स्पर्धांत एनर्जीचे डेक इतके जड झाले, की जानेवारी २०१८ मध्ये ‘स्टँडर्ड’ या स्पर्धाप्रकारात या कार्डावर बंदी आली.

बंदी आलेलं कार्ड म्हणजे आपल्या क्यूबमध्ये धमाल? नाही. एनर्जी खर्च करणारी दहा-बारा कार्डं आसपास नसतील, तर त्या दोन एनर्जी नुसत्या पडून राहतात. उरतं काय, तर एका मानात एक जमीन. वाईट नाही, पण त्यासाठी कुणी भांडणारही नाही. उलट त्याच संचातलं ‘लाँगटस्क कब’ बघा. दोन माना, ताकद २, टिकाव २. समोरच्या खेळाडूला लढाईत नुकसान केलं की ते स्वतःच दोन एनर्जी कमावतं आणि त्याच दोन एनर्जी खर्चून स्वतःच वाढतं. एनर्जीचं दुसरं एकही कार्ड नसलं तरी त्याचं अडत नाही.

म्हणून कार्ड वाचताना बघा, ते स्वतःचा डबा स्वतः घेऊन येतं, की दुसऱ्याच्या पानातलं मागतं?

दोन कार्डांच्या जोडीबद्दलही हेच. ‘हे आणि ते एकत्र आलं तर काय मजा!’ खरंय, पण एकत्र येणार कधी? ३६० चा क्यूब आणि चौघं खेळाडू असतील तर डावात निम्मीच कार्डं येतात. म्हणजे दोन्ही कार्डं एकाच दिवशी टेबलावर असण्याची शक्यता साधारण चारातून एकदा. त्यातही ती एकाच माणसाच्या हाती लागायला हवीत. जोडीसाठी कार्ड घ्यायचं असेल, तर जोडीदार एक नाही, सहा-सात हवेत.

३. वाईट दिवशी ते काय करतं?

नव्या कार्डाचा फोटो बघताना आपण नेहमी चांगल्या दिवसाचं चित्र रंगवतो. आपण पुढे आहोत, माना भरपूर आहे, हे कार्ड पडलं आणि जिंकलो. आता उलटा विचार करा. तुमचं लाइफ सहावर आलंय, समोर तीन प्राणी आहेत, तुमच्याकडे चारच जमिनी आहेत. अशा वेळी हे कार्ड हातात आलं तर हायसं वाटेल का?

२००७ च्या ‘लॉरविन’ संचातलं ‘मलड्रिफ्टर’ या कसोटीला छान उतरतं. पाच मानात उडणारा प्राणी आणि वर दोन नवी कार्डं. पाच माना नसतील तर तीन मानातही खेळता येतं. प्राणी लगेच जातो, पण दोन कार्डं मिळतात. चांगल्या दिवशी उत्तम, वाईट दिवशी बरं. शिवाय ते ‘कॉमन’ आहे, म्हणजे सर्वांत सहज मिळणाऱ्या प्रकारातलं. इथेच खिशाचीही गोष्ट सांगते. फक्त कॉमन कार्डांचा क्यूब करणारे पुष्कळ आहेत. तो स्वस्तात जमतो आणि खेळायला जराही कमी पडत नाही.

४. टेबलावरच्या सगळ्यात नव्या माणसाला ते वाचता येईल का?

हा घरच्या क्यूबचा प्रश्न आहे, स्पर्धेच्या नव्हे. पाकिटातली १५ कार्डं वाचून त्यातलं एक निवडायचं असतं. प्रत्येक कार्डावर आठ ओळी असतील तर अकरा वर्षांची भाची तिसऱ्या कार्डालाच कंटाळेल. काही कार्डं एकदा पडली की डाव संपेपर्यंत हिशेब मागतात. २०२१ च्या ‘इनिस्ट्राड: मिडनाइट हंट’मधली दिवस-रात्रीची युक्ती तशीच. एकदा सुरू झाली की आता दिवस आहे की रात्र, हे दोघांनाही शेवटपर्यंत लक्षात ठेवावं लागतं. अशी कार्डं वाईट नसतात, पण एका क्यूबमध्ये किती पेलतील ते तुमच्या मंडळींकडे बघून ठरवा. दोन कार्डं सारखीच वाटली, तर कमी ओळींचं घ्या.

५. पहिल्या नजरेला फार मान देऊ नका

‘टार्मोगॉइफ’ हे कार्ड मे २००७ मध्ये आलं, तेव्हा फार थोड्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं. काही वर्षांनी त्याची एकेक प्रत शंभर डॉलरच्या वर विकली जाऊ लागली. २००४ चं ‘स्कलक्लॅम्प’ हे छोटंसं उपकरण प्राण्याची ताकद एकाने वाढवतं आणि टिकाव एकाने कमी करतं. तो प्राणी मेला की दोन कार्डं देतं. टिकाव कमी होणं हा तोटा वाटतो ना? पण एक टिकावाचा प्राणी ते अडकवताच मरतो आणि दोन कार्डं हातात येतात! त्याच वर्षी जूनमध्ये त्यावर बंदी आली. खेळ बनवणाऱ्यांनाच जे कागदावर दिसलं नाही, ते आपल्याला फोटोवरून कसं दिसेल?

म्हणून एक वही करा. ‘हवंच’ म्हटलेलं कार्ड आधी वहीत लिहा आणि त्याच्यापुढे ‘कुणाच्या जागी’ तेही लिहा. दुसरा रकाना भरता येत नसेल, तर तुमचा निर्णय झालेला आहे. महिनाभराने वही उघडलीत की चाळीसातली सात-आठच अजून हवीशी वाटतात. तेवढीच आत घ्या.

मग दोन-तीन ड्राफ्ट नुसतं बघा. आठ जण खेळत असतील तर तुमचं पहिलं पाकीट फिरून नवव्या निवडीला परत तुमच्याकडे येतं, तेव्हा त्यात सात कार्डं उरलेली असतात. दर वेळी नवं कार्ड त्या सातांत दिसलं, तर टेबलाने आपलं मत दिलंय. आणि डेकमध्ये घेतलेलं कार्ड प्रत्यक्षात खेळलं गेलं का, की हातातच राहिलं, हेही विचारा.

आता खरा अवघड भाग

इथपर्यंत सगळा हिशेब झाला. पण उठवायचं कुणाला, हे नुसत्या हिशेबाने ठरत नाही.

आमच्या गटात एक दादा आहे. बँकेत नोकरी, त्यात बदली झालेली, महिन्यातून एकदाच येणं जमतं. तो दर वेळी पाकिटांत एकच कार्ड शोधतो : ‘क्रॉ वर्म’. १९९३ चं, सहा मानाचं, ताकद ६, टिकाव ४, बाकी कार्डावर एक नियम लिहिलेला नाही. वरच्या पाच प्रश्नांपैकी चौथा सोडला तर सगळ्यांत ते नापास. आज सहा मानात त्याच्यापेक्षा कितीतरी चांगले हिरवे प्राणी मिळतात. गेल्या वेळी नव्या संचातला तसाच एक प्राणी माझ्या वहीत होता आणि त्याच्यापुढे ‘क्रॉ वर्मच्या जागी’ असं लिहिलेलं होतं.

शेवटी मी दुसरं हिरवं कार्ड काढलं, क्रॉ वर्मपेक्षा बरंच चांगलं. कारण ते गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. क्रॉ वर्म गेलं असतं, तर महिन्यातून एकदा दोन बस बदलून येणाऱ्या माणसाला पाकीट उघडताना जे वाटतं, ते गेलं असतं.

याचा अर्थ सगळ्यांची सगळी आवडती कार्डं जन्मभर सांभाळायची असा नाही. तसं केलं तर क्यूब गोठतो आणि नव्याला जागाच राहत नाही. मी एक साधी रीत ठेवली आहे. नियमित येणाऱ्या प्रत्येकाला एक मानाचं पान. त्याने किंवा तिने सांगितलेलं एक कार्ड मी काढत नाही, मग ते कितीही जुनं, कितीही कमजोर असो. आठ जणांची आठ पानं. ३६० मध्ये आठ म्हणजे काहीच नाही. बाकी ३५२ पानांवर वरचे पाचही प्रश्न बिनदिक्कत चालवते. वर्षातून एकदा मानाचं पान बदलायची मुभा, म्हणजे कुणी अडकून पडत नाही.

तुमचा क्यूब बडोद्यात असो, बेंगळुरूत असो की साताऱ्यात, पुढचा संच आला की आधी वही उघडा आणि एक गोष्ट करून बघा. तुमच्या टेबलावरच्या प्रत्येकाला विचारा, ‘तुझं मानाचं पान कोणतं?’ उत्तर द्यायला कुणी फार वेळ घेत नाही, असा माझा अनुभव आहे. तुमच्या घरची उत्तरं मला जरूर कळवा.