पेन्शनीतला शिपाई आणि चळवळीची लेखणी



आपल्या चळवळीत बोलणारे पुष्कळ, लिहिणारे मोजके. जिल्हा बैठकीचा अहवाल असो, कलेक्टरला द्यायचे निवेदन असो की हा अंक असो, लिहिणारे आम्ही तेच चार-पाच पदवीवाले. मी कृषी पदवीधर. कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल मला लिहिता येते. पण मालाची पट्टी हातात घेऊन मार्केटात गप्प उभा राहिलेला माणूस मनात काय म्हणतो, ते आमच्या लेखणीतून उतरत नाही. मग लिहिणार कोण? माझे उत्तर असे, की तो माणूस गावातच आहे. तो म्हणजे पलटणीतून पेन्शनीवर घरी आलेला शिपाई.

हे मी हवेत बोलत नाही. महाराष्ट्रात हे सव्वाशे वर्षांपूर्वी घडून गेले आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर 1886 साली लष्करातून निवृत्त झाले आणि दापोलीस राहिले. जातीने महार. गावात राहिले असते तर वाट्याला वेसकरी आणि भाकरीचा तुकडा आला असता. पण त्या काळी पलटणीत शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलामुलींसाठी शाळा असत. जी अक्षरे गावच्या शाळेने ओट्यावरही बसू दिली नसती, ती छावणीने दिली. जोतीराव फुल्यांचा विचार त्यांनी उचलला, ‘दीनबंधू’त लिहू लागले, आणि 1888 साली त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ छापून निघाले. अस्पृश्यता कोणत्या आधारावर उभी आहे, असे सरळ प्रश्न त्यांनी शास्त्री-पंडितांना घातले. 1895 साली महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा शेजारी बसायला नको म्हणून इतर सभासदांनी कांगावा केला. शिपाई खुर्ची सोडून गेला नाही.

दुसरे नाव सुभेदार रामजी सकपाळ. हे पलटणीच्या शाळेत शिक्षक आणि पुढे मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर तेही काही काळ दापोलीस होते. त्यांनी घरात जी शिकवण दिली, तिचे फळ आपल्या शहराने पाहिले आहे. त्यांचे चिरंजीव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1950 साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले. तेच मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या भूमिहीन मजुरांची पोरे तिथे शिकली, लिहिती झाली, मास्तर-प्राध्यापक झाली. ‘अस्मितादर्श’ याच शहरातून निघाले. छावणीतल्या शाळेपासून नागसेनवनापर्यंत हा एकच धागा आहे.

आता प्रश्न असा, की शिपायालाच हे का जमले? शौर्यामुळे म्हणाल तर ते अर्धेच खरे. माझ्या मते कारण हिशेबाचे आहे. त्याच्याजवळ अक्षर होते आणि पेन्शन होती, आणि ती पेन्शन गावातून येत नव्हती. पाटील ती बंद करू शकत नव्हता, सावकार ती अडवू शकत नव्हता. ज्याची भाकरी गावच्या मुठीत नाही, तोच गावाविरुद्ध लिहू शकतो. आपले कार्यकर्ते गप्प का बसतात, तेही यातच आले. कुणाचे कर्ज सोसायटीत, कुणाची उचल आडत्याकडे, कुणाचा ऊस कारखान्याच्या तोडीच्या यादीत. तोंड उघडले की पहिली टाच चुलीवर.

गंगापूर तालुक्यातल्या एका गावची बैठक मला आठवते. कांद्याच्या पट्ट्या जमा करून आम्ही तक्रार लिहीत होतो. सही करायला कुणी पुढे येईना. शेवटी मागे उभा असलेला एक निवृत्त जवान पुढे आला. त्याने प्रत्येक पट्टी मोठ्याने वाचली. वजन किती, भाव किती, हमाली किती, तोलाई किती. मग माझ्या हातातला कागद घेतला आणि माझे दीड पानी निवेदन आठ ओळींत बसवले. पहिली सही त्याची. त्यानंतर एकवीस सह्या झाल्या. मला त्या दिवशी लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तो माणूस दोन वर्षे आमच्या बैठकांना येत होता आणि मागे उभा राहत होता. तो दलित वस्तीतला. त्याला पुढे बस, असे आम्ही कधी म्हटले नव्हते.

हे लिहिल्याने काहींना राग येईल. येऊ द्या. 1978 साली नामांतराच्या वेळी आपल्याच गावांत आपल्याच शेजाऱ्यांची घरे जळली. 1994 साली विद्यापीठाचा नामविस्तार झाला, पण बैठकीतली बसायची जागा बदलली का? घामाचे दाम मागणाऱ्यांनी घाम गाळणाऱ्याला उभे ठेवू नये.

कुणी म्हणेल, शिपायाला हुकूम पाळायची सवय, तो विचार काय करणार? वलंगकरांनी हुकूम पाळण्यातच उमर घालवली होती. शिस्तीने लिहिणे, तारीख टाकणे, नक्कल ठेवणे, हे पलटणीतच शिकतात. आपल्याला नेमके तेच येत नाही.

एक काळजी मात्र आहे. 2022 साली आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची नोकरी आहे आणि पेन्शन नाही. योजना जाहीर झाली तेव्हा चारांतल्या एकालाच कायम ठेवण्याचे ठरले होते. म्हणजे शेतकऱ्याचा पोरगा पंचविशीच्या आत एकरकमी पैसे घेऊन घरी येणार. ते पैसे बहिणीच्या लग्नात नाहीतर विहिरीत जाणार, आणि तो पुन्हा त्याच आडत्याच्या दारात. वलंगकरांना ज्या पायावर उभे राहता आले, तो पायाच काढला जात आहे. हा प्रश्न कांद्याच्या भावाइतकाच आपला आहे.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत मी तीन ठराव मांडणार आहे. पहिला, प्रत्येक गावशाखेने आपल्या गावच्या निवृत्त जवानांना, वस्ती न पाहता, बैठकीचे लेखनिक होण्याची विनंती करावी. दुसरा, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ पट्टी, सातबारा आणि कर्जाचा उतारा वाचायला शिकवावे, बायाबापड्यांना आधी. तिसरा, या अंकाचे एक पान त्यांच्या हातचे असावे, आणि आम्ही पदवीवाल्यांनी त्यात काना-मात्रेपलीकडे हात घालू नये.

विरोध करायचा तर बैठकीत उभे राहून करा. पण येताना आपल्या गावच्या जवानाला सोबत आणा, आणि त्याला पुढे बसवा.