जुन्या ट्रॅक्टरला ट्रॉली घेताना आधी ब्रेक बघा



आमच्या चांदवड भागात सध्या जुन्या ट्रॅक्टरच्या सौद्यांना जोर आलाय. नवा घ्यायची ऐपत नाही आणि भाड्याचा वेळेवर मिळत नाही, म्हणून पाच-दहा वर्षं चाललेला 35-40 एचपीचा ट्रॅक्टर पोरं घरी आणतात. तो दारात उभा राहिला की आठ दिवसांत पुढचा प्रश्न येतो, ट्रॉली केवढी घ्यायची? ट्रॅक्टर घेताना इंजिन ऐकायला मिस्तरी नेतात, टायर बघतात, तास बघतात. ट्रॉलीच्या वेळी मात्र शेजाऱ्याची केवढी आहे एवढंच बघतात आणि त्याच्यापेक्षा एक फूट लांब घेतात.

माझं मत सरळ आहे. ट्रॅक्टर किती ओढतो त्यावर ट्रॉली ठरवू नये, किती थांबवतो त्यावर ठरवावी. खालच्या गिअरला 35 एचपीचा ट्रॅक्टर सात-आठ टनसुद्धा हलवतो, त्यात काही नवल नाही. पण आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॉली, माल आणि ट्रॅक्टर असं सगळं थांबवायचं काम ट्रॅक्टरची मागची दोन चाकं करतात. आणि जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक कसे असतात ते आपल्याला माहीत आहे.

आकडे मांडून बघू. काट्यावर रिकामा ट्रॅक्टर 1900 किलो भरला आणि रिकामी ट्रॉली 1200 किलो. त्यात 40 क्विंटल कांदा भरला की ट्रॉलीचं वजन झालं 5200 किलो, म्हणजे ट्रॅक्टरच्या पावणेतीन पट. आता दहा फुटाला एक फूट असा उतार धरा. त्या उतारावर ही ट्रॉली ट्रॅक्टरला मागून सव्वापाचशे किलोच्या जोराने ढकलत राहते. उतार संपेपर्यंत ढकलणं थांबत नाही. ब्रेक तापतात. ट्रॅक्टर जरा तिरका झाला की ट्रॉली त्याला आडवा पाडते. वेग दुप्पट केला तर थांबवायची ताकद चौपट लागते, हे गणित शाळेतलं असलं तरी घाटात खरं ठरतं. उमराण्याला कांदा नेताना राहूड घाट लागतो, तिथून जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून मी स्वतःसाठी एक हिशोब धरलाय. सपाट रस्त्याला ट्रॉली मालासकट ट्रॅक्टरच्या वजनाच्या दुपटीपर्यंत, आणि घाट असेल तर दीडपट. वरच्या ट्रॅक्टरला सपाटीवर 26 क्विंटल माल बसतो आणि घाटात साडेसोळा. ऐकायला कमी वाटतं, बरोबर आहे. पण हा हिशोब ब्रेक चांगले आहेत असं धरून केलाय. ब्रेक आधी तपासायचे. दोन्ही पेडल पट्टीने एकत्र जोडा, मोकळ्या जागेत हळू वेगात दाबा आणि मातीवरचे ठसे बघा. एका चाकाचा ठसा लांब आणि दुसऱ्याचा आखूड आला, तर ट्रॉलीचे पैसे बाजूला ठेवा, आधी ब्रेकचं काम करा. शेतात वळायला पट्टी काढतो ती रस्त्याला लागताना परत लावायची, हेही घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवा. आणि डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्याच्या हातात चावी देऊ नका.

ट्रॉलीची लांबी-रुंदी बघताना आत काय भरणार ते धरून चाला. दहा बाय सहाची, दोन फूट फाळक्याची ट्रॉली म्हणजे 120 घनफूट, सव्वा ब्रासच्या आसपास. ती कांद्याने काठोकाठ भरली तर साधारण दोन टन. ओलसर शेणखत दोन-अडीच टन. पण तीच ट्रॉली मुरुमाने नाहीतर ओल्या वाळूने भरली की पाच टनांच्या वर जाते. पेटी तीच आणि वजन अडीच पट. म्हणून मोठी ट्रॉली घ्या आणि कमी भरा हा सल्ला मला पटत नाही. रिकामी जागा दिसली की भरणाऱ्याचा हात थांबत नाही, वर फाळक्याला फळ्या लावून उंची वाढवणारेही आहेतच. पेटीच लहान असली की वाद मिटतो. कडब्याचं उलटं आहे. वजन कमी, पण थर उंच जातो आणि बांधावरून उतरताना ट्रॉली कलंडते. त्याला ट्रॉलीची रुंदी कामाला येते.

दोन चाकी घ्यावी की चार चाकी? दोन चाकीचा काही भार हुकावर येतो. त्याने ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीला धरून राहतात, चिखलात फायदा होतो. पण माल सगळा पुढे लोटला तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं आणि स्टेअरिंग फिरवूनही तो वळत नाही. सगळा मागे ढीग केला तर हूक वर उचलला जातो. म्हणून माल सारखा पसरून भरायचा. चार चाकीला पुढे टर्नटेबल असतं, भार तिच्या स्वतःच्या चाकांवर राहतो, लांबच्या रस्त्याला ती बरी. पण रिव्हर्स घेताना ती दोन ठिकाणी वळते, नवख्याचा घाम काढते. आपला कांदा ट्रॉलीतच लिलावाला उभा राहतो आणि सौदा झाला की व्यापाऱ्याच्या खळ्यावर मागे घेत न्यावा लागतो. अरुंद बांध, शेतातली वळणं आणि खळ्यावरचा रिव्हर्स एवढं धरलं तर जुन्या 35-40 एचपीला लहान दोन चाकी ट्रॉलीच शोभते.

ट्रॉली जोडायची ती खालच्या हुकालाच, मागच्या आसाच्या पातळीखाली. टॉप लिंकच्या जागेला साखळी अडकवून कोणी ओढत असेल तर त्याला हात जोडून थांबवा. वर जोडलं की ओढ बसल्यावर ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो.

हायड्रॉलिक ट्रॉलीचा मोह सगळ्यांना होतो. मुरुम, खत दोन मिनिटांत खाली, चांगली सोय आहे. पण जुन्या ट्रॅक्टरवाल्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरचंच ऑइल घेतो. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरचं आणि हायड्रॉलिकचं ऑइल एकच असतं. वर्षभर उन्हापावसात पडलेल्या ट्रॉलीच्या पाइपमधली घाण आणि पाणी त्या वाटेने थेट गिअरबॉक्सपर्यंत जातं. शिवाय जॅक पूर्ण वर गेला की आतलं ऑइल तेवढं कमी होतं. जुनी हायड्रॉलिक ट्रॉली घ्यायची तर जॅक, पाइप साफ करून घ्या, तोंडाला झाकण ठेवा, आणि उचललेल्या पेटीखाली लाकडी ठोकळा लावल्याशिवाय माणूस जाऊ देऊ नका.

ट्रॉलीही जुनीच मिळत असेल तर घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त रंगावर जाऊ नका. नवा रंग बहुतेक वेळा वेल्डिंग झाकायला मारलेला असतो. दांडा जिथे चॅनलला मिळतो तिथे वाकून बघा, तडा तिथेच जातो. हुकाची कडी झिजून पातळ झाली आहे का बघा. चाक जॅकवर उचलून हलवा, खडखड वाजलं तर बेअरिंग गेलंय. पाटे मोजा, तुटलेला एखादा असतोच. टायर जोडीचे, एकाच मापाचे हवेत. तळाचा पत्रा खालून ठोकून बघा, शेणखताने आणि कांद्याच्या पाण्याने तो आधी जातो. आणि एक सोपी गोष्ट, टेप घेऊन कडीपासून दोन्ही चाकांच्या हबपर्यंतचं अंतर मोजा. सारखं आलं पाहिजे. कमी-जास्त आलं तर आस तिरका आहे, ट्रॉली आयुष्यभर वाकडी चालेल आणि टायर खाईल.

कागदांचं थोडक्यात. ट्रॉलीची नोंद ट्रॅक्टरपासून वेगळी असते. गावच्या वर्कशॉपमधल्या कित्येक ट्रॉल्यांना कागदच नसतो. चासी नंबर आणि आरसी जुळतात का, बँकेचा बोजा उतरलाय का हे बघून पैसे द्या. विम्याच्या पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेख करून घ्या. अपघात झाल्यावर कंपनीचा पहिला प्रश्न तोच येतो. आणि शेतीच्या नावावर नोंदलेल्या ट्रॉलीने भाड्याचा मुरुम ओढताना काही झालं, तर दुसरा प्रश्न तयारच असतो.

आता ज्यांना हे पटत नाही त्यांचं म्हणणं. लहान ट्रॉली म्हणजे दोन खेपा, दुप्पट डिझेल आणि बाजारात दुसऱ्या दिवशीचा भाव काय माहीत. खरं आहे. कांद्याचा भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा असतो, त्यात एक खेप मागे राहिली तर पोटात गोळा येतो. पण वर्षात असे मोठ्या खेपेचे दिवस किती, तेवढे मोजा. माझे दहा-बारा भरतात. त्या दिवसांना पिकअप भाड्याने लावतो, तिला चारही चाकांना ब्रेक आहेत. उरलेले साडेतीनशे दिवस लहान ट्रॉली कमी डिझेलवर खत, चारा, पाइप वाहते. दहा दिवसांसाठी वर्षभर मोठं धूड ओढायचं आणि जुन्या क्लचला रडवायचं, हा सौदा मला महाग वाटतो. मोठीच हवी असेल तर ब्रेक असलेली बनवून घ्या. ट्रॉली पुढे ढकलायला लागली की दांडा सरकून तिच्याच चाकांना ब्रेक लागतो, अशीही सोय असते. त्याला ट्रॅक्टरवर काही जोडावं लागत नाही.

शेवटचं. एप्रिल 2025 मध्ये नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात मजूर बायांना कामावर नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत कोसळला, सात बाया गेल्या. त्या कमाईला निघाल्या होत्या. ट्रॉली मालासाठी आहे. तिला बसायला जागा नाही, धरायला दांडी नाही आणि माणूस बसवला तर विम्याचा आधारही नाही. मजुरांना आणायला रिक्षा लावली तर दिवसाचे काही रुपये जातात, तेवढे मजुरीच्या हिशोबात धरा.

तेव्हा सौद्याला जाण्याआधी ट्रॅक्टर काट्यावर नेऊन त्याची पावती खिशात ठेवा आणि टेप सोबत घ्या. ट्रॉली घरी आली की पहिल्या दिवशी मागे दोन्ही बाजूंना लाल रिफ्लेक्टर लावा. दिवा बंद पडतो, वायर तुटते, पण रिफ्लेक्टरला वायर लागत नाही. रात्री रस्त्याकडेला ट्रॉली उभी असताना मागून मोटारसायकलवर येणारा पोरगा आपल्याच गावचा असतो.